आपण मालक होतो म्हणे!

लहानपणी आमच्या शाळेच्या वह्यांना गुळगुळीत कागदाची कव्हरं असत. अब्बांनी एका कापड गिरणीचे पंचवीस शेअर्स घेतले होते. दरवर्षी तिचा वार्षिक अहवाल टपालानं यायचा. तो इंग्रजीत असे. अब्बा लाभांश किती मिळणार एवढं कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि अहवाल आम्हा भावंडांच्या हवाली करायचे. पुढे गिरणी बंद पडली. शेअर्सना रद्दीची किंमतही उरली नाही. तेव्हा अब्बा म्हणाले, "आपण मालक होतो म्हणे. आपल्याला कुणी काही विचारलं नाही." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "आपणही कुणाला काही विचारलं नाही."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. हिशेबाशी माझं फारसं सख्य नाही. पण अब्बांचं ते दुसरं वाक्य मनातून जाईना. म्हणून कंपन्यांचा कारभार देशोदेशी कसा चालतो, ते समजेल तेवढं वाचत गेलो. त्यातलंच थोडं आज सांगतो.

मूळ अडचण साधी आहे. कंपनीचे मालक म्हणजे भागधारक. ते हजारोंनी, लाखोंनी आणि गावोगाव विखुरलेले. कारभार पाहणारी माणसं मात्र मूठभर. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यावर नजर कुणी ठेवायची? संचालक मंडळ असतं ते यासाठी. पण हे मंडळ कसं असावं, याचं उत्तर प्रत्येक देशानं आपापल्या अनुभवातून शोधलं.

ब्रिटनमध्ये सर एड्रियन कॅडबरी यांच्या समितीनं १९९२ साली अहवाल दिला. समितीचं काम चालू असतानाच, १९९१ मध्ये, वृत्तपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल वारले आणि त्यांच्या कंपन्यांतल्या कामगारांच्या पेन्शनचा पैसा गायब असल्याचं उघड झालं. समितीनं सांगितलं, की अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या दोन खुर्च्यांवर एकच माणूस नसावा आणि मंडळावर बाहेरची, स्वतंत्र माणसं असावीत. सक्ती केली नाही. नियम पाळा, नाहीतर का पाळत नाही ते भागधारकांना सांगा, एवढंच बंधन घातलं.

जर्मनीची रचना दुमजली आहे. खालच्या मजल्यावर रोजचा कारभार करणारं मंडळ आणि वर त्याच्यावर देखरेख करणारं दुसरं मंडळ. एकाच माणसाला दोन्हीकडे बसता येत नाही. १९७६ च्या कायद्यानं दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांत वरच्या मंडळावरच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. मतं समसमान पडली, तर अध्यक्षाचं जादा मत निर्णायक ठरतं आणि अध्यक्ष सहसा भागधारकांचा असतो. तरीही आपला कारखाना बंद करण्याचा विचार चालू आहे, हे कामगाराला फाटकाला लागलेल्या कुलपावरून कळत नाही. आमच्याकडच्या गिरणी कामगारांची आठवण येऊन मी या जागी बराच वेळ थांबलो होतो.

जपानमध्ये कंपन्या एकमेकींचे शेअर्स बाळगत आणि एक मुख्य बँक त्यांच्यावर लक्ष ठेवी. संचालक बहुतेक त्याच कंपनीत उमेदवारी करून वर चढलेले. घरच्यासारखा कारभार; पण घरात वडीलधाऱ्याला जाब कोण विचारणार? २०११ मध्ये ऑलिम्पस या कॅमेऱ्यांच्या कंपनीत मायकेल वुडफर्ड या ब्रिटिश अध्यक्षानं काही मोठ्या रकमा कशासाठी दिल्या, असं विचारलं. मंडळानं त्यालाच पदावरून काढलं. पुढे काही आठवड्यांतच, कैक वर्षांपूर्वीचा तोटा लपवल्याची कबुली कंपनीला द्यावी लागली.

अमेरिकेतल्या एन्रॉनचं नाव आपल्याला गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीजप्रकल्पामुळे ठाऊक आहे. तिच्या मंडळावर बाहेरची नामवंत माणसं होती. लेखापरीक्षण समितीचे प्रमुख तर हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. याच मंडळानं १९९९ मध्ये, कंपनीच्या अर्थप्रमुखाला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवता याव्यात म्हणून स्वतःचे नीतिनियम बाजूला ठेवले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननं दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीच्याच शेअर्समध्ये निवृत्तीची पुंजी ठेवलेले कर्मचारी उघड्यावर आले.

आपल्याकडे हेच सत्यममध्ये घडलं. २००८ मध्ये या कंपनीला उत्तम कारभाराचं पारितोषिक मिळालं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात, प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायला तिच्या मंडळानं मंजुरी दिली. गुंतवणूकदारांनी असा ओरडा केला, की काही तासांत तो बेत सोडावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी पत्र लिहून, खात्यात दाखवलेले सुमारे पाच हजार कोटी रुपये मुळात नाहीतच, अशी कबुली दिली.

रचना सगळीकडे वेगळी, रोग मात्र एकच. खुर्ची होती, खुर्चीवर माणूसही होता, पण वेळेवर त्यानं प्रश्न विचारला नाही. ऑलिम्पसमध्ये एकानं विचारला आणि सत्यममध्ये बाहेरच्यांनी विचारला, तिथं भिंतीला पहिली भेग पडली. कायदा खुर्ची मांडून देतो. तोंड उघडायचं काम माणसाचं.

"माझ्याकडे शेअर्स नाहीत, मला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. पण भविष्यनिर्वाह निधीतला काही भाग २०१५ पासून शेअर बाजारात जातो. विम्याचा हप्ताही काही अंशी तिथंच पोहोचतो. आपल्या नकळत आपण सगळेच थोडे थोडे मालक आहोत.

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांच्या मंडळावर किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक आवश्यक केले. भागधारकाला आता घरबसल्या मतदानही करता येतं. माझ्याजवळ थोडे शेअर्स आहेत. अहवाल मोबाइलवर येतो, त्याची कव्हरं होत नाहीत. मी त्यात तीन गोष्टी शोधतो. स्वतंत्र संचालक किती बैठकांना हजर होते? प्रवर्तकांच्या नात्यागोत्यातल्या कंपन्यांशी काय व्यवहार झाले? आणि लेखापरीक्षकानं कुठे शेरा मारला आहे का? एवढ्याला अर्धा तास पुरतो. मग मत देतो. माझ्या मतानं ठराव पडत नाही, हे मला ठाऊक आहे.

पण अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. मला येतं. माझ्याजवळ ती सबब नाही.