मज्जातंतूंची वेदना आणि तिच्यावरील औषधे

दिल्लीच्या पौषातील थंडीत रजईवाचून निभाव लागत नाही. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांच्या मज्जातंतूंस इजा पोहोचली आहे, अशा कित्येकांना तीच रजई पावलांवर सहन होत नाही. तळव्यांची आग होते, मुंग्या येतात आणि रात्र जागून काढावी लागते. ही व्यथा विरळा नव्हे. दिल्ली, चेन्नई व कराची या शहरांत सन २०१०–११ मध्ये केलेल्या पाहणीत, दिल्लीतील वीस वर्षे व त्यावरील वयाच्या दर चार व्यक्तींमागे सुमारे एकीस मधुमेह असल्याचे आढळून आले.

काटा रुतल्याची वेदना ही इजेची वर्दी होय. काटा काढला की ती शमते. येथे मात्र वर्दी वाहणारा तंतूच बिघडलेला असतो आणि बाहेर काहीही घडले नसता तो मेंदूकडे संदेश धाडीत राहतो. म्हणून अंगदुखीवरील नेहमीच्या गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. उलट, त्यांपैकी पुष्कळ गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांस अपाय होण्याचा संभव असतो.

या वेदनेवर उपयुक्त ठरलेली काही औषधे मुळात अन्य रोगांसाठी योजलेली होती. अमिट्रिप्टिलीन हे विषण्णतेवरील औषध. ते मज्जारज्जूतील वेदना रोखणाऱ्या नैसर्गिक यंत्रणेस बळ देते. गॅबापेंटिन हे अपस्मारावरील औषध म्हणून १९९३ साली अमेरिकेत संमत झाले; पुढे २००२ साली नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेसाठीही त्यास तेथे संमती मिळाली. ते मज्जातंतूंच्या अतिरिक्त संदेशांस आळा घालते.

या औषधांचा गुण एका दिवसात येत नाही. अल्प मात्रेने आरंभ करून, वैद्यकीय सल्ल्याने ती काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी लागते. गुंगी, भोवळ किंवा तोंडास कोरड पडणे असे त्रास संभवतात. मूत्रपिंडे अशक्त असल्यास गॅबापेंटिनची मात्रा कमी ठेवावी लागते. काही हृदयविकारांत अमिट्रिप्टिलीन वर्ज्य असते. आठवडाभरात गुण आला नाही म्हणून, अथवा बरे वाटू लागले म्हणून, औषध एकाएकी सोडू नये. वेदना निम्म्याने उणी होऊन झोप लागू लागली, तरी उपचार सफल झाला असे समजावे.

तथापि ही औषधे वेदना शमवितात. बिघडलेला तंतू ती दुरुस्त करीत नाहीत. रक्तातील साखर ताब्यात ठेवणे, तसेच ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. शाकाहारी व्यक्तींत आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची उणीव आढळते. ज्या पावलांची आग होते, त्यांनाच पुष्कळदा काचेची चीर कळत नाही. म्हणून वेदना शमल्यावरही रोग्याने रोज रात्री आपले तळवे उजेडात न चुकता पाहावेत.