स्वस्त रेडिओ, सीडी प्लेअर आणि गाडीचा अडॅप्टर : कात्री कुठे लागते ते ओळखा

जयपूरहून तुमच्याशी पुन्हा बोलायला बसलोय. गेले काही महिने इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा गावांतल्या मराठी मंडळींकडून मला एकाच धाटणीची विचारणा होते. "घरात नाट्यगीतांच्या, अभंगांच्या सीडींचा ढीग पडलाय, वाजवायला यंत्र नाही." "जुन्या गाडीत ब्लूटूथ नाही आणि नव्या गाडीत सीडीची फट नाही." "वडिलांना मोबाईल जमत नाही, त्यांना साधा रेडिओ हवाय. हजार-दीड हजारात काय घ्यावं?" तेव्हा आजचा भाग त्यावर. व्हिडिओत मी वस्तू हातात धरून दाखवल्या होत्या, इथे शब्दांवर काम भागवू.

सुरुवातीलाच मुद्दा सांगतो. स्वस्त यंत्र म्हणजे टाकाऊ यंत्र असं समजू नका. पण किंमत कमी करायची तर बनवणाऱ्याला कुठेतरी कात्री लावावीच लागते. ती कुठे लागली आहे हे घेण्याआधी कळलं, आणि तिथे आपलं काम अडत नसलं, तर स्वस्त वस्तू वर्षानुवर्षं सेवा देते. फौजेत वायरलेस संच बोलेनासा झाला की आम्ही आधी बॅटरी बघायचो, मग जोडणी, मग एरियल, आणि शेवटी संच. आवाजाची ही एक साखळी असते. आज तिची एकेक कडी तपासू.

रेडिओ : आधी पट्टा बघा

दुकानात रेडिओ हातात घेतलात की आवाज ऐकण्याआधी तबकडी बघा. आजचे बरेचसे स्वस्त संच फक्त एफएम पकडतात, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. मध्यम लहरींचा पट्टा, साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा, त्यांत नसतोच. कात्री तिथेच लागलेली असते. तुम्ही शहरात राहता आणि स्थानिक गाणी ऐकायची आहेत, तर काही बिघडत नाही. जयपुरात ९१.१, ९४.३, ९८.३ वर खाजगी केंद्रं खणखणीत लागतात. पण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. शहर मागे पडलं, मध्ये डोंगर आला, की आवाज विरतो.

मध्यम लहरींचं तसं नसतं. दिवसा त्या जमिनीला धरून चालतात. रात्री आकाशातला एक थर, जो दिवसा त्यांना शोषून घेतो, तो विरळ होतो आणि वरच्या थरावर आपटून या लहरी शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून जयपुरात हिवाळ्याच्या रात्री मी ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ऐकलेली आहे. सरळ रेषेत हे अंतर नऊशे किलोमीटरच्या वर भरतं. आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, मध्येच दुसरं केंद्र डोकं वर काढायचं, पण मराठी शब्द कानावर पडायचे. पुण्याचं ७९२ आणि नागपूरचं ५८५ हे आकडेही परराज्यातल्या जुन्या श्रोत्यांना पाठ असतील.

आता यातले बरेच कार्यक्रम प्रसारभारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवरही मिळतात, तेही स्वच्छ. मग रेडिओ कशाला? ज्यांना ॲप उघडता येत नाही त्यांच्यासाठी, आणि वीज व मोबाईलचं जाळं एकदम गेलं त्या रात्रीसाठी. दोन सेलवर चालणारा रेडिओ त्या वेळी घरातलं सर्वांत भरवशाचं यंत्र ठरतो.

वापराच्या दोन गोष्टी. वर ओढायची दांडी एफएमसाठी असते. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर, तिचा पाव हिस्सा म्हणजे पाऊण मीटर, म्हणून दांडी पूर्ण ओढली की फरक पडतो. मध्यम लहरींची लांबी मात्र शेकडो मीटर असते. त्यांच्यासाठी संचाच्या पोटात फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते. तेव्हा मध्यम लहरी ऐकताना दांडी ओढून उपयोग नाही, अख्खा रेडिओ हळूहळू फिरवा. एका दिशेला आवाज एकदम उघडेल. खरखर फार असेल तर खोलीतला एलईडी दिवा आणि मोबाईलचा चार्जर बंद करून बघा. अर्धी खरखर बहुतेक वेळा तिथूनच येत असते.

वडीलधाऱ्यांसाठी घेताना मोठी गोल घुंडी असलेला संच घ्या, बारीक बटणांचा नको. २०१७ साली सारेगामाने 'कारवां' काढला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली होती आणि रूप जुन्या रेडिओचं होतं. तो लोकांना आवडला याचं एक मोठं कारण त्या घुंडीत आहे. बोटांना सवय असते.

सीडी प्लेअर : धक्का आणि आठवण

खिशातला सीडी प्लेअर सोनीने १९८४ साली आणला. त्यातलं मूळ तंत्र आजही तेच आहे. बारा सेंटिमीटरची चकती आतल्या कडेला मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते, बाहेरच्या कडेला येईपर्यंत दोनशेवर उतरते. बारीक तारांवर तरंगणारं एक भिंग तिच्यावर लेसरचा ठिपका धरून ठेवतं. धक्का बसला की ठिपका घसरतो आणि गाणं उडी मारतं.

यावर उपाय म्हणजे यंत्राची आठवण. प्लेअर चकती थोडी पुढे वाचून ठेवतो आणि धक्का बसला तर साठ्यातून वाजवतो. खोक्यावर लिहिलेलं असतं, दहा सेकंद, चाळीस सेकंद. इथे थोडं गणित करू. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. दहा सेकंदांसाठी साडेसतरा लाख बाइट जागा लागते. स्वस्त प्लेअरमध्ये एवढीच जागा असेल आणि तरी तो चाळीस सेकंद सांगत असेल, तर तो आवाज दाबून साठवतोय असं समजा. गाडीत ते चालून जातं. घरी निवांत ऐकताना ती सोय बंद करण्याचं बटण असेल तर बंद ठेवा. आवाज किंचित खुलतो आणि सेलही जास्त टिकतात.

एमपीथ्री वाजवणारा प्लेअर मिळाला तर थोडे जास्त पैसे जरूर घाला. नेहमीच्या सीडीवर सव्वा तासाच्या आसपास संगीत मावतं. त्याच आकाराच्या ७०० मेगाबाइटच्या चकतीवर मध्यम प्रतीची एमपीथ्री गाणी बारा तासांची बसतात.

जुना प्लेअर विकत घेत असाल तर सोबत स्वतःच्या तीन चकत्या न्या : एक कंपनीची छापील, एक घरी लिहिलेली, एक थोडी ओरखडे पडलेली. छापील चकती वाजली आणि घरची अडखळली, तर लेसर थकलाय असा संशय घ्यावा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या चकत्या प्रकाश फार कमी परत पाठवतात, त्या जुन्या यंत्रांत वाजल्या नाहीत तर यंत्राला दोष देऊ नका. भिंतीवरचा अडॅप्टर वेगळा घेताना व्होल्ट आणि टोकाची दिशा, म्हणजे मधला खिळा धन की ऋण, ही दोन्ही यंत्रामागच्या चित्राशी ताडून बघा. उलटी वीज गेली की यंत्र क्षणात जातं.

गाडी : तार जितकी सरळ, तितका आवाज साफ

गाडीत बाहेरचा आवाज नेण्याचे मुख्य रस्ते तीन. पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला, ऑक्सचं भोक. साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली साधी तार लावा, काम झालं. प्लेअरला 'लाइन आउट' असेल तर तिथून घ्या. हेडफोनच्या भोकातून घेत असाल तर प्लेअरचा आवाज दोन-तृतीयांशावर ठेवून बाकीचा गाडीच्या घुंडीवर वाढवा. पूर्ण वाढवलात तर फाटका आवाज येईल.

दुसरा, कॅसेट अडॅप्टर. ज्यांच्या गाडीत अजून टेप आहे त्यांनी तो उपटून टाकू नये. कॅसेटच्या आकाराच्या या वस्तूत फीत नसतेच. तिच्यातलं एक छोटं चुंबकी डोकं गाडीच्या टेपच्या डोक्यासमोर येतं आणि आवाज थेट पोचवतं. आतली दातेरी चाकं फक्त टेपला 'फीत फिरतेय' असं भासवायला असतात. स्वस्त अडॅप्टरमध्ये कात्री याच चाकांवर लागते, ती कटकट करतात किंवा टेप बाजू बदलत राहतो. दुकानातच गाडीत लावून बघा.

तिसरा, एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा, सगळ्यांत जास्त विकला जाणारा आणि सगळ्यांत जास्त तक्रारी ओढवून घेणारा. तो एक चिमुकलं आकाशवाणी केंद्रच असतो, पल्ला काही मीटर. ज्या आकड्यावर खरं केंद्र आहे तिथे लावलात तर तो चिरडला जाणारच. आधी गाडीचा रेडिओ फिरवून जिथे निव्वळ फुसफुस ऐकू येते असा आकडा शोधा, शेजारच्या आकड्यांवरही केंद्र नको. शहर बदललं की मोकळी जागा बदलते. जयपूरहून दिल्लीकडे निघालात तर पावणेतीनशे किलोमीटरमध्ये तुमचा मोकळा आकडा भरून जाऊ शकतो. तेव्हा दोन-तीन आकडे आधीच लिहून ठेवा आणि बदल गाडी थांबवूनच करा.

एक बारकावा. बाजारात 'ब्लूटूथ' म्हणून मिळणारी बरीच उपकरणं मोबाईलकडून ब्लूटूथने घेतात आणि गाडीला मात्र एफएमनेच देतात. गुण-दोष एफएमचेच राहतात. गाडीला ऑक्स असेल तर ऑक्समध्ये बसणारं ब्लूटूथ उपकरण घ्या.

आणि ती किणकिण. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शीळ वर चढते ना? प्लेअर गाडीच्या विजेवर चालतोय आणि त्याची तार गाडीच्या संगीत संचालाही जोडलेली आहे, तेव्हा अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात आणि अल्टरनेटरचा आवाज आत शिरतो. तपास सोपा आहे : प्लेअर त्याच्या सेलवर चालवा. शीळ थांबली तर निदान पक्कं. मग सेलवरच चालवा, नाहीतर तारेच्या मध्ये बसणारा 'ग्राउंड लूप आयसोलेटर' घ्या. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, बाकी काही नाही. ट्रक किंवा बसमध्ये चोवीस व्होल्ट असतात. बारा व्होल्टचं उपकरण तिथे खोचू नका.

ऊन, धूळ आणि घरचे आवाज

आमच्या राजस्थानात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. विदर्भवाल्यांना ते सांगायला नको. बंद गाडीच्या आत त्याहून खूप जास्त तापतं. डॅशबोर्डवर ठेवलेली चकती वाकते, लिथियम बॅटरी फुगते. आंधी येऊन गेली की भिंगावर धूळ बसते, ती रबरी फुंकणीने उडवा, तोंडाने फुंकू नका. न वापरायच्या यंत्रातले सेल काढून ठेवा. गळलेला सेल यंत्र खाऊन टाकतो.

कंपनीची छापील सीडी नीट ठेवली तर दशकं टिकते. घरी लिहिलेल्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला मारते. आमच्या पिढीत काही फौजी घरांतून पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायची पद्धत होती. माझ्याकडे आईची अशी साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. गावच्या बातम्या, शेजारच्या लग्नाचा वृत्तान्त, मध्येच कुकरची शिट्टी आणि "थांब, गॅस बंद करून येते." नंतर तिची सीडी केली. ती आता एका यंत्रात वाचली जात नाही, दुसऱ्यात वाचली जाते. म्हणून ती संगणकावर उतरवली आणि प्रत दोन ठिकाणी ठेवली. नाट्यगीतांची सीडी खराब झाली तर तीच गाणी दुसरीकडून मिळतील. घरच्या माणसाचा आवाज कुठल्याही दुकानात मिळत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावा. आधी घरचे टेप आणि घरी लिहिलेल्या सीडी वाजवता येतील असं एक बरं यंत्र, उसनं मिळालं तरी चालेल, आणि त्यांच्या प्रती. मग वडीलधाऱ्यांसाठी दोन्ही पट्ट्यांचा रेडिओ. गाडीच्या अडॅप्टरचा नंबर शेवटचा, आणि तिथे ऑक्स असेल तर शंभर-दोनशेच्या तारेवर भागतं. जयपुरात एम. आय. रोडजवळच्या जयंती मार्केटमध्ये अशा वस्तूंची दुकानं आहेत, तुमच्या शहरातही अशी गल्ली असेलच. तिथे उभं राहून पाच मिनिटं वाजवून बघा, घासाघीस करा आणि बिल मागून घ्या.

या रविवारी कपाटातली ती पेटी उघडा. ज्या चकतीवर हाताने लिहिलेलं नाव आहे, ती आधी वाजवून बघा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!