अंगणातली सहा वर्षे (लेखांक नववा) : ताईंची शाळा

एखादी अंगणवाडी सेविका १९९८ साली रुजू झाली असे धरू. प्रशिक्षणात तिला शिकवले गेले की मुलाचे वजन करायचे, तक्त्यावर ठिपका द्यायचा आणि ठिपका कोणत्या पट्ट्यात पडला त्यावरून श्रेणी ठरवायची. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले मूल म्हणजे धोक्यातले. 'चौथ्या श्रेणीतील बालके' हे शब्द त्या काळी पावसाळा आला की मेळघाटच्या बातम्यांतही हमखास दिसत. सेविकेने ही पद्धत इमानेइतबारे सांभाळली. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने बालकांच्या वाढीचे नवे मापदंड प्रसिद्ध केले, पुढच्या दोन-तीन वर्षांत भारताने ते स्वीकारले आणि श्रेणी निकालात निघाल्या. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. बीटच्या बैठकीत 'सॅम' (अतितीव्र कुपोषित) आणि 'मॅम' (मध्यम तीव्र कुपोषित) हे नवे शब्द रुळले. आज तीच ताई उंची आणि वजन पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमध्ये भरते आणि मूल कोणत्या गटात ते फोनच सांगतो.

एका नोकरीच्या काळात हे सगळे बदलले, तेही फक्त वजनापुरते.

वजनकाट्यावर वाढ कळते, विकास कळत नाही. मूल कधी बसते, कधी बोट दाखवून मागते, दोन शब्द जोडून कधी बोलते, हे काट्यावर चढवून पाहता येत नाही. ते पाहायला डोळा तयार असावा लागतो. चालण्याचेच उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली, तेव्हा आधाराशिवाय चालू लागण्याचे वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांत एक मूल नवव्या महिन्यात चालू लागले असेल आणि दुसरे सतराव्या महिन्यात पहिले पाऊल टाकत असेल, तरी दोन्ही ठणठणीत असू शकतात. त्याच पाहणीतली शंभरातली चारेक मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली आपली विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगण्याचा टप्पा तिच्यातून काढूनच टाकला.

हे ठाऊक असलेली ताई, नातू रांगत नाही म्हणून नवस बोलायला निघालेल्या आजीला धीर देऊ शकते. अठरा महिने उलटूनही पाऊल न टाकणाऱ्या मुलाला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक गावात येईल तेव्हा, तीच ताई नेमके पुढे करू शकते. हे ठाऊक नसेल तर दोन्हीकडे चूक होते: धडधाकट मुलाच्या घरात घोर लागतो आणि खरी गरज असलेले मूल 'होईल हळूहळू' म्हणत मागे राहते.

तेव्हा रुजू होताना एकदा घेतलेले शिक्षण पुरत नाही, यावर वाद नाही. खरा प्रश्न आहे की पुढचे शिक्षण किती द्यायचे आणि कसे द्यायचे. भारतात याची उत्तरे थरावर थर चढत गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सुरुवातीचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि अधूनमधून होणारी उजळणी, असा तिचा जुना रिवाज होता. २०१८ च्या पोषण अभियानाने तो मोडला. २१ विषय पाडून दरमहा एकेक घ्यायचा आणि शिकलेले पुढच्या महिनाभरात गृहभेटीत वापरून पाहायचे, अशी नवी रीत आली. मग १० मे २०२३ रोजी 'पोषण भी, पढाई भी' जाहीर झाले आणि सेविकांना तीन-तीन दिवस समोरासमोर बसवून शिकवणे सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये दोन आराखडे आले, तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला'.

सर्वांत मोठा आकडा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. २०२० च्या या धोरणानुसार बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायचा आहे आणि बारावीपेक्षा कमी शिकलेलीला वर्षभराची पदविका. हे सगळे काम सांभाळून, मोबाइल आणि दूरचित्रवाणीच्या मदतीने, महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्गाला बसून. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नव्या भरतीसाठी बारावीची अट घातली, त्यामुळे नव्या मुली सहा महिन्यांत सुटतील. गावात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या जुन्या ताईंच्या वाट्याला मात्र बहुधा वर्षभराचा अभ्यास येईल. अनुभवाला या हिशेबात वजन नाही, हे जरा विचित्रच.

इतरत्र तासांचा हिशेब असतो. याच धोरणात शाळेच्या शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या सेवांतर्गत शिक्षणाची अपेक्षा आहे. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी १९६५ पासून चालणाऱ्या 'हेड स्टार्ट'मध्ये ही अट वर्षाला किमान १५ तासांची आहे. पण त्या १५ तासांना एक शेपूट जोडलेले आहे: वर्गात येऊन, शिक्षिकेचे काम पाहून, तिच्याशी बोलणारा मार्गदर्शक पुरवण्याची व्यवस्थाही संस्थेने करायची आहे. तासांच्या आकड्यापेक्षा हे शेपूट मोलाचे आहे.

कारण आपल्याकडचे प्रशिक्षण कालव्यासारखे वाहते. वर धरणावर तज्ज्ञ, मग राज्याचे प्रशिक्षक, मग जिल्हा, मग प्रकल्प, मग मुख्यसेविका आणि टेलला अंगणवाडी. टेलच्या शेतकऱ्याला पाणी किती पोचते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. वर 'मुलाला उत्तर द्यायला वेळ द्या' म्हणून निघालेली गोष्ट खाली पोचेपर्यंत 'हे पान भरून आणा' होते. मग हजेरीपट पूर्ण होतो, प्रमाणपत्र मिळते आणि बडबडगीत पूर्वीसारखेच एका सुरात म्हटले जाते.

वेगळी वाट महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, त्याच्या कामात ताराबाई मोडक होत्या. बालशिक्षिका गावोगाव विखुरल्यावर त्यांना नवे काही कळत राहावे म्हणून ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' चालवली. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिकाऊ शिक्षिका त्याच अंगणात, त्याच मुलांसमोर घडत होत्या. शिकवणारी मोठी बाई शेजारी उभी असे, जिल्ह्याच्या सभागृहात नव्हे.

शेजारी कोणी तरी असणे किती मोलाचे, याचा दाखला जमैकात मिळतो. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर एक प्रयोग सुरू झाला. आरोग्य केंद्राच्या साध्या कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा तासभर घरी जात आणि घरच्या वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन आईला बाळाशी कसे खेळावे, काय बोलावे ते दाखवत. या कार्यकर्त्या शिकलेल्या होत्याच, पण त्यांच्या कामावर सतत देखरेखही होती. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता, त्यांच्यात तो फायदा टिकलेला दिसला नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रयत्न म्हणजे 'आरंभ'. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांच्या साथीने तो आधी यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात रुजला. सेविका टप्प्याटप्प्याने शिकते, गृहभेटीत ते करून पाहते आणि मग गावात पालक मेळावा भरवते. डबे, झाकणे, चिंध्यांची खेळणी मांडून आयाबापांना समजावताना तिचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. दुसऱ्याला सांगायची वेळ आली की आपल्याला काय येत नाही ते आधी कळते!

पण ताईकडे वेळ आहे का? तमिळनाडूतल्या ६४० अंगणवाड्यांत अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. निम्म्या ठिकाणी पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ एक बाई जादा दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची भाषा आणि गणित सुधारले, वाढ खुंटण्याचे प्रमाणही घटले. म्हणजे कमतरता फक्त ज्ञानाची नव्हती. घरपोच आहाराचे वाटप, लसीकरणाच्या याद्या, ट्रॅकरच्या नोंदी आणि सर्वेक्षणे यांतून मुलांसमोर मांडी घालून बसायला उरतात किती मिनिटे? त्यातून हे काम सरकारी भाषेत अजून 'मानधना'चे आहे. सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळावे यासाठीही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. मानसेवी म्हणायचे आणि पदविकेची सक्तीही करायची, हे गणित कोणीतरी एकदा फळ्यावर मांडून दाखवावे.

सहा महिन्यांच्या त्या अभ्यासक्रमात महिन्यातून एकदा वर्ग आहे. त्या दिवशी ताई सकाळच्या एसटीने तालुक्याला जाईल. अंगणवाडीची किल्ली मदतनिसाकडे असेल. खिचडी तीच शिजवणार, मुलांना तीच गोळा करणार आणि गाणीही तीच म्हणून घेणार. धोरणातल्या त्या सहा महिन्यांत तिचे नाव नाही.