जळालेल्या दप्तराचा माग

आयर्लंडची काही शतकांची कागदपत्रं डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्यात होती. यादवी पेटली आणि ३० जून १९२२ रोजी तिथे स्फोट होऊन आग लागली. मृत्युपत्रं, प्रॉटेस्टंट चर्चच्या शेकडो नोंदवह्या, १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्यांचे बहुतेक तक्ते खाक झाले. तेव्हापासून पूर्वजांचा शोध कुठेही अडला की ‘सगळं आगीत गेलं’ म्हणायची सोय झाली आहे. पण १८६१ आणि १८७१चे तक्ते सरकारनेच काम आटोपल्यावर नष्ट केले होते आणि १८८१, १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. आगीला दोष द्यायचा तो द्यावा, पण हुकूम सोडणाऱ्या साहेबांनाही वगळू नये. आगीआधीच्या शिरगणत्यांपैकी आज पूर्ण शाबूत आहेत त्या १९०१ आणि १९११च्या.

१८४५ ते १८५२च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८६४मध्ये. म्हणजे ही माणसं निघाली तेव्हा त्यांच्याजवळ जन्माचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत १८२०पासून जहाजांच्या याद्या ठेवल्या गेल्या खऱ्या, पण मूळ ठिकाणाच्या रकान्यात बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच शब्द. त्याचा उपयोग शून्य. शोधणाऱ्याला हवा असतो टाउनलँड, म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. असे टाउनलँड साठ हजारांहून अधिक आहेत.

टाउनलँडचं नाव बऱ्याचदा समुद्रापलीकडेच सापडतं. ‘बोस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१पासून पुढे नव्वद वर्षं हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती छापून येत. भाऊ अमुक पॅरिशचा (म्हणजे चर्चच्या हद्दीतला), तमुक साली उतरला, शेवटचं पत्र कालव्याच्या कामावरून आलं, अशा मजकुराच्या. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचं जन्मगाव, जहाज, आईबाप, भावंडं लिहून ठेवली. वंशावळ जपायची असं यांतल्या कुणाच्या मनातही नव्हतं.

गाव कळलं की ग्रिफिथची पाहणी उघडायची. सर रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी देशभरातली जमीन मोजली. कूळ कोण, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. एका टाउनलँडमध्ये तीन जॉन सलिव्हन निघाले तर कारकून शेजारी बापाचं नाव किंवा केसांचा रंग टिपून ठेवी. मात्र ज्याच्या नावावर ना घर ना जमीन, तो मजूर या पाहणीत नाही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पेन्शनचा कागद. १९०९च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. सत्तरी सिद्ध करायची कशाने? १८३९च्या जानेवारीतल्या प्रचंड वादळाची आठवण सांगून अनेकांनी वेळ मारून नेली. बाकीच्यांसाठी दप्तरखान्यातला कारकून १८४१ आणि १८५१चे तक्ते धुंडाळी. अर्जावर आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, पॅरिश, टाउनलँड. शोध लागला तर खाली कुटुंबाची नावं आणि वयं उतरलेली, नाहीतर ‘आढळले नाही’ असा शेरा. मूळ तक्ते जळाले, हे कागद उरले. गावात राहिलेल्या म्हाताऱ्याच्या अर्जात त्याची बोस्टनला गेलेली बहीण चार वर्षांची म्हणून भेटते, ती अशी.

कॅथलिक पॅरिशच्या वह्या त्या दप्तरखान्यात कधी गेल्याच नव्हत्या, म्हणून वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये त्या सर्वांना मोफत खुल्या केल्या. त्यांतल्या लॅटिन नोंदींत जेम्स ‘जेकोबस’ होऊन बसलेला असतो, आणि पश्चिमेकडच्या कित्येक वह्या दुष्काळाच्या आगेमागेच सुरू होतात. आणि देश सोडणारे सगळे अमेरिकेलाच गेले असंही नाही; पुष्कळ आयरिश पोरं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेव्हा अमेरिकेत न सापडलेला एखादा भाऊ पुण्याच्या छावणीतही निघू शकतो.

आगीला शंभर वर्षं होताना, जून २०२२मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दप्तराची डिजिटल पुनर्रचना खुली झाली. देशोदेशीच्या संग्रहांतल्या नकला आणि उतारे तिथे एकत्र आणले आहेत. हर्बर्ट वुड या अधिकाऱ्याने १९१९मध्ये दप्तराची सूची छापली होती, म्हणून काय गमावलं हे तरी कळलं.

शोधाला बसणाऱ्याने सुरुवात डब्लिनपासून करू नये. आधी पूर्वज जिथे पोचला तिथली थडगी, लग्नाचे साक्षीदार, मुलांचे धर्मपिते, शेजारीपाजारी तपासावेत. गावचे लोक गावच्यांनाच धरून राहत. आणि एक अपेक्षा सोडून द्यावी. साध्या कॅथलिक कुळाची साखळी १८००च्या मागे नेणारा कागद क्वचितच हाती लागतो. कुणी ती थेट राजघराण्याला जोडून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.