मिटणारा पंखा

१८६० साली इंग्लंडमध्ये ‘एचएमएस वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका पाण्यात उतरली. ती शिडांवर चाले आणि वाफेवरही. वारा मिळाला की इंजिन थांबवायचं, धुराडी दुर्बिणीच्या नळ्यांसारखी एकात एक सरकवून खाली घ्यायची आणि मागचा अवजड पंखा दोरखंडांनी पाण्याबाहेर ओढायचा. त्यासाठी सुमारे ६०० माणसं लागत! एवढा खटाटोप का? कारण थांबलेला पंखा पाण्यात राहिला, तर शिडांनी कमावलेला वेग तो खातो.

आजच्या तीस-पस्तीस फुटी शिडाच्या नौकेपुढेही हाच पेच आहे. वारा पडला, बंदरात शिरायचं असलं, की लहानसं डिझेल इंजिन कामी येतं. मच्छीमार बोटीचा पंखा एकच काम जाणतो, पाणी मागे लोटायचं. शिडाच्या नौकेत मात्र त्याच पंख्याने इंजिनावर पाणी घट्ट धरायचं आणि शीड भरलं की सोडून द्यायचं. तीन पात्यांचा स्थिर पंखा धरतो छान, सोडत मात्र नाही. हलक्या वाऱ्यात त्याच्यापायी अर्धा नॉट सहज जातो. चोवीस तासांत बारा सागरी मैल झाले ते!

पंख्यावर कोरलेले आकडेही वाचण्यासारखे असतात. ‘१६ × १२’ म्हणजे व्यास १६ इंच आणि पिच १२ इंच. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर स्क्रूसारखा हा पंखा एका फेऱ्यात १२ इंच पुढे गेला असता. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे, गिअरबॉक्स ते अडीचपट कमी करतो, म्हणजे पंख्याचे १२००. तासाला ७२,००० फूट, जवळजवळ १२ सागरी मैल. प्रत्यक्षात नौका जाते सहा! उरलेली वाट घसरण्यात जाते. पण ही घसर वाया जात नाही. पाणी मागे सरकतं म्हणूनच नौकेला पुढे रेटा मिळतो. मला हे गणित दर वेळी नव्याने थक्क करतं.

आणि आता मिटणारा पंखा. काशाची दोन पाती, मागच्या टोकाला बिजागरीवर बसवलेली. हातात घेऊन एक पातं उघडा, दुसरंही आपोआप उघडतं, कारण दोघांच्या मुळाशी एकमेकांत अडकलेले दाते असतात. इंजिन बंद करून शाफ्ट थांबवला की वाहतं पाणी पात्यांना मागे रेटतं आणि ती नमस्काराच्या हातांसारखी जुळतात. इंजिन सुरू केलं की फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली जातात. वर ना दोरी, ना कळ. ६०० खलाशांचं काम पाणीच करून टाकतं!

उणीव रिव्हर्समध्ये जाणवते. तेव्हा रेटा पात्यांना मिटवू पाहतो, म्हणून पकड ढिली पडते. त्यावर दुसरी युक्ती आहे. पाती दुमडत नाहीत, आपल्याच अक्षाभोवती वळून पाण्याला धार दाखवतात. रिव्हर्समध्ये तीच पाती उलटी फिरून पुढचीच कड पुढे आणतात, त्यामुळे नौका मागेही जोमाने जाते. मात्र ही पाती बहुधा सपाट, बिनपिळाची असतात, म्हणून पुढे जाताना थोडी ताकद गमवावी लागते.

दोन्हींची किंमत स्थिर पंख्याच्या कितीतरी पट. शिवाय आपल्या उबदार समुद्रात सांध्यांत शिंपल्यांची पुटं चढली, तर पाती नीट मिटत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळ इंजिनावर जाणाऱ्याने स्थिर पंखाच ठेवावा. लांबच्या सफरी शिडावर करणाऱ्याने मिटणारा घ्यावा. रोज अरुंद धक्क्यात मागे-पुढे करावं लागणाऱ्याने वळत्या पात्यांचा घ्यावा.

घ्यायला जाताना इंजिनाची ताकद आणि कमाल फेरे, गिअरबॉक्सचं प्रमाण, पाणरेषेवरची लांबी एवढं लिहून न्या. पात्याचं टोक आणि नौकेचा तळ यांत व्यासाच्या निदान दहा टक्के मोकळी जागा आहे का, तेही मोजा. नवा पंखा बसवल्यावर पूर्ण जोरात इंजिन आपल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पिच जास्त झाली आहे, ती कमी करून घ्या.