ठासणीची बंदूक आणि विलायती दुनळी

पेण-रोह्याच्या डोंगराळ पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखणारी ठासणीची बंदूक, जिच्या नळीत दारू व छरे गजाने ठासून घोड्याखाली टोपी बसवावी लागते, बाजारात फारशी मोलाची ठरत नाही. मोल चढले ते विलायती काडतुसी दुनळीचे, कारण 1980 च्या दशकात खासगी आयात जवळजवळ बंद झाल्यावर देशातील जुना साठा तेवढाच उरला. मात्र 1959 च्या शस्त्र अधिनियमातील 2019 च्या दुरुस्तीनुसार सामान्य परवानाधारकास, वारसाने आलेली धरूनही, दोनच बंदुका बाळगता येतात, आणि विक्रीपूर्वी जिल्हादंडाधिकारी अथवा पोलीस ठाण्यास लेखी इत्तला द्यावी लागते. कालबाह्य बनावटीच्या, निकामी शस्त्रास कलम 45 ची सवलत आहे. पण शंभर वर्षांपलीकडची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येत असल्याने खासगी मालकास ती परदेशी पाठविता येत नाही. वडिलोपार्जित दुनळी लाभलेल्यांना कळकळीची विनंती एवढीच, की नळीवरील मूळ निळसर झाक आणि कारखान्याच्या मुद्रा हौसेने घासून उजळू नयेत. जाणकार गिऱ्हाईक प्रथम त्याच पाहतो.