‘चमचाभर औषध’ म्हणजे नेमकं किती? घरातल्या चमच्यावर विसंबू नका!

रात्री दोन वाजता लेकराला ताप भरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘५ मिली’ लिहिलेलं असतं, पण औषधाचं मापाचं झाकण काही सापडत नाही. मग हात आपोआप स्वयंपाकघरातल्या चमच्याकडे जातो. एक चमचा म्हणजे पाच मिली, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं!

गोची इथेच होते. इंग्रजीतला ‘टीस्पून’ हे ठरलेलं माप आहे. अमेरिकेत ते ४.९३ मिली भरतं, औषधाच्या हिशेबात सरळ ५ मिली धरतात. आपल्या घरातले चमचे मात्र असं माप बघून घडवलेले नसतात. साखरेच्या डब्यातला वेगळा, पोहे खायचा वेगळा. त्यात कुणी काठोकाठ भरतं, तर कुणी सांडेल म्हणून थोडं कमी घेतं.

त्याहून मोठा घोळ ‘टेबलस्पून’चा. तो तीन टीस्पूनएवढा, म्हणजे १५ मिलीचा (ऑस्ट्रेलियात तर २० मिलीचा!). इंग्रजी लघुरूपात दोघांमध्ये फरक एका अक्षराचा, पण डोस थेट तिप्पट.

तापावरच्या पॅरासिटामॉलचंच बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या एका सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं. दुसऱ्या, जास्त ताकदीच्या सिरपच्या तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम! सिरप संपलं म्हणून हेच थेंब ५ मिली पाजले, तर १२० ऐवजी ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते, आणि तिची लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही. म्हणून मिली मोजण्याआधी बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचायलाच हवा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये चमच्याची भाषाच सोडा, पातळ औषधाचा डोस फक्त मिलीमध्ये लिहा, अशी शिफारस केली. तिथल्या घराघरांत आजही कप आणि चमचेच चालतात, हे विशेष.

मेडिकलमध्ये औषध पाजायची बिनसुईची सिरिंज मिळते. तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. एकदा तिने ५ मिली पाणी मोजून घरातल्या चमच्यात ओतून बघा, अंदाज येईल. आणि सिरिंजला छोटं टोपण असेल तर ते आधी काढून कचऱ्यात टाका. बाळाच्या घशात अडकू शकतं.